मूळ पाहिले

ती चिठ्ठी पहिल्यांदा हाती आली तेव्हा मॉर्वेना ट्रेगीअरने ती पालथी घातली आणि चहा प्यायला उठली. अकरा वाजायला अजून वीस मिनिटं होती. सोळा वर्षांत ती वेळेआधी चहाला उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून समोरच्या टेबलाशी बसणाऱ्या पिमने आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"घड्याळ मागे पडलंय, की तुम्हीच पुढे निघालात, मिस ट्रेगीअर?"

"पाय गारठले," ती म्हणाली.

ते काही खोटं नव्हतं. शब्दकोशाचं कार्यालय म्हणजे डॉक्टर हॅल्सवर्थांच्या बागेतली सफरचंदं साठवायची जुनी कोठी. सफरचंदं टिकावीत म्हणून बांधलेली, त्यामुळे माणसांना त्यात ऊब मिळेल असं कुणाच्या मनातही आलं नसणार. हिवाळा लागला की सगळे जण पेंढा भरलेल्या खोक्यात पाय घालून बसत, खुडूक कोंबड्यांसारखे. वरच्या अंगाने विद्वान, खालच्या अंगाने कोंबड्या, असं पिम म्हणे. तो तेवीस वर्षं तिथे होता आणि हा विनोद त्याने दर डिसेंबरात एकदा केला होता.

काम असं. इंग्रजीतला शब्द न् शब्द कोणी, केव्हा, कुठल्या अर्थाने वापरला याचा पुरावा गोळा करायचा. पुरावा म्हणजे चिठ्ठी. देशभर हौशी वाचक विखुरलेले होते: खेड्यातले पाद्री, निवृत्त कप्तान, लग्नं न झालेल्या बहिणी. पुस्तक वाचताना शब्द नजरेत भरला की ते तळहाताएवढ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तो शब्द लिहीत, त्याखाली साल, पुस्तक, पान, आणि मग ते वाक्य. अशा चिठ्ठ्यांची पुडकी दोऱ्याने बांधून कोठीतल्या खणाखणात रचलेली असत. मॉर्वेनाकडे शेवटचं काम होतं. मूळ पुस्तक काढायचं, ते पान उघडायचं, अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहायचं, 'मूळ पाहिले'. खाली आपली आद्याक्षरं. हे दोन शब्द असल्याशिवाय एकही वाक्य छापखान्यात जात नसे. ज्याचं मूळ मिळालं नाही ती चिठ्ठी शेगडीत. देवाने स्वतः चिठ्ठी पाठवली तरी डॉक्टर त्याला पान क्रमांक विचारतील, हेही पिमचंच.

त्या हिवाळ्यात 'चूज' आला होता. चूज म्हणजे निवडणं. शब्द छोटा, पण पुडकी नऊ. माणसं बायको निवडत होती, राजा निवडत होती, दोन सफरचंदांतलं एक निवडत होती. आणि एक जुनाच प्रयोग होता, तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडचा: मला रडण्यावाचून काही निवडता येईना. म्हणजे रडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॉर्वेनाला याची गंमत वाटायची. ज्याच्यापुढे काहीच उरलेलं नाही तो माणूसही बोलताना निवडीचाच शब्द काढतो.

सातव्या पुडक्यात ती चिठ्ठी होती. पांढऱ्या चिठ्ठ्यांच्या मधोमध एक जाड, तपकिरी. शिडांचे नमुने कापायच्या कागदाची.

तो कागद जगात एकच माणूस वापरत असे. तिची थोरली बहीण केझिया. त्यांचे वडील शिडं शिवत, आणि उरलेल्या कागदाला पैसे पडत नाहीत म्हणून दोघी बहिणी कॉर्नवॉलच्या त्या खारट खेड्यात बसून त्यावरच चिठ्ठ्या लिहीत. चुलीशेजारी एक खुर्ची आणि एक उलटी बादली. खुर्ची केझियाची, कारण ती थोरली.

चिठ्ठीवर होतं:

चूज. १८८९. खासगी पत्र, ३ नोव्हेंबर. 'तू मला निवड म्हणालीस, आणि तुझ्या पेटीला दोरी बांधून झाली होती . . .'

पुढे तीन टिंबं. टिंबं म्हणजे वाक्य पुढे आहे, पण लिहिणाऱ्याने इथे तोडलं आहे. केझियाला जाऊन दहा वर्षं झाली होती.

चहाहून परतल्यावर मॉर्वेनाने ती चिठ्ठी उचलली आणि 'पत्ता लागत नाही' लिहिलेल्या खणात, सगळ्यांत तळाशी सरकवली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवं पुडकं सोडलं तर तीच चिठ्ठी सगळ्यांत वर.

"पिम, तुम्ही माझ्या खणाला हात लावला?"

"मी? माझ्या स्वतःच्या खणाला हात लावायला मला उत्साह नाही."

झाडणारी बाई म्हणाली की तिला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तिने हे वाचलं नसतं. मॉर्वेनाने चिठ्ठी परत तळाशी घातली, या वेळी वर एक जाडजूड विटेसारखं पुडकं ठेवून. शुक्रवारी ती पुन्हा वर होती, आणि तिला वास येत होता. खारवलेल्या माशांचा, आणि त्यामागून केशराच्या पावाचा. केझिया लिहायच्या आधी हात धुवायची, पण भाजताना बोटांत मुरलेलं केशर कुठे जातंय. मॉर्वेनाने चिठ्ठी नाकाशी नेली तेव्हा वास नव्हता. खाली ठेवली तर होता.

तिने स्वतःला समजावलं की आपणच नकळत ती चिठ्ठी काढून वर ठेवत असू. हे समजावणं काही फार दिलासा देणारं नव्हतं.

खरं काय झालं होतं ते ती सोळा वर्षं लोकांना एकाच वाक्यात सांगत आली होती. केझियाने मागे राहायचं निवडलं.

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, जीभ जड. आणि त्याच महिन्यात डॉक्टर हॅल्सवर्थांचं पत्र आलं की तुमच्या चिठ्ठ्या उत्तम असतात, इथे जागा आहे, येता का. पत्रावर नाव होतं 'मिस ट्रेगीअर'. त्या लोकांत रीत अशी की घरातल्या थोरल्या अविवाहित मुलीला 'मिस' लावून नुसत्या आडनावाने हाक मारायची. धाकटीला तिचं नाव जोडायचं. म्हणजे पत्र केझियाचं. पण केझिया वर बाबांना पुसत होती आणि पोस्टमन दारात उभा होता, म्हणून फोडलं मॉर्वेनाने. चिठ्ठ्या दोघींच्या होत्या, असं तिने मनाशी म्हटलं. रात्रभर म्हणत राहिली. सकाळी उठून उत्तर पाठवलं की येते, आणि खाली फक्त 'ट्रेगीअर' अशी सही केली. आठवड्याने पेटी भरली, तिला दोरी आवळली, जिन्याच्या पायथ्याशी ठेवली, आणि मग वरून घाणेरड्या पाण्याचं भांडं घेऊन उतरणाऱ्या बहिणीला ती म्हणाली, "केझी, दोघींतली एकच जाऊ शकते. तू निवड."

केझिया म्हणाली, "तू जा."

सुरुवातीला कोठीत सगळे तिला मिस मॉर्वेना म्हणत. केझिया वारली आणि पुढच्याच सोमवारी, दंडावरची सुतकाची काळी फीत पाहून, पिम अदबीने म्हणाला, "सुप्रभात, मिस ट्रेगीअर." रीतच ती. थोरली गेली की नाव धाकटीकडे येतं. तेव्हापासून दिवसातून वीस वेळा कुणी ना कुणी तिला बहिणीच्या नावाने हाक मारत होतं, आणि दर वेळी तिची मान किंचित मागे वळे, जणू जिला बोलावलंय ती मागे उभी आहे.

सोमवारी दुपारी डॉक्टर आले. त्यांच्या दाढीत नेहमीप्रमाणे न्याहारीचा पुरावा होता.

"मिस ट्रेगीअर, 'चूज' पुढच्या मंगळवारी छापायला जातो. तो पेटीचा दाखला कुठाय? मी मागे पाहिला होता. तोंडी बोलण्यातला असा अलीकडचा दाखला दुसरा एकही नाही आपल्याकडे."

"मूळ मिळायचंय."

"खासगी पत्र ना? कोणाकडे आहे?"

"आहे एका बाईकडे."

"मग मागा तिच्याकडे. काय, देत नाही?"

"तिने ते अजून उघडलेलं नाही."

डॉक्टर निघायला वळले. "विचित्र बाई दिसते. आठवडा आहे तुमच्याकडे. पुढच्या सोमवारपर्यंत नाही मिळालं तर शेगडी. अर्धवट पुराव्यावर मी काही छापणार नाही, मग तो किती का गोड असेना."

ते गेल्यावर पिम म्हणाला, "कोण हो ही बाई?"

"तुमच्या ओळखीची नाही," मॉर्वेना म्हणाली. या वाक्याचंही मूळ कुणी तपासलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र तिच्या पलंगाखाली बिस्किटांच्या डब्यात होतं. केझियाची बाकीची पत्रं पातळ असायची: मिसेस पेनरोझची कोंबडी, वादळ, बाबांनी आज स्वतः चमचा धरला. पण १८८९ च्या ऑक्टोबरात मॉर्वेनाने एका हळव्या संध्याकाळी लिहून पाठवलं होतं, 'केझी, खरं सांग, तू मनापासून निवडलंस ना?' उत्तर आलं ते जाड होतं. हातात धरलं तर वजन लागावं इतकं जाड. ज्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात येऊ शकतं त्याला एवढे कागद लागले, याचा अर्थ तिने तिथेच लावला. न फोडताच डब्यात टाकलं. चार दिवसांनी एक कार्ड पाठवलं: 'पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं.' केझियाने त्या पत्राचा विषय पुन्हा कधी काढला नाही. बाबा गेले, आणि बाबांनंतर वर्षभरात छातीच्या दुखण्याने केझियाही गेली. मॉर्वेना दोन्ही वेळा घरी जाऊन आली होती, काळे हातमोजे घालून, तीन-तीन दिवस.

आता तो आठवडाभर तिला कळत गेलं, एकेका दिवशी थोडं थोडं, की तिच्या बहिणीने काय केलं होतं. त्या कार्डावरून केझियाने ओळखलं असणार. वाचलेलं असतं तर 'बरं वाटलं' असं कोणी लिहिलं नसतं. रागावून दुसरं पत्र पाठवायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने एक चिठ्ठी केली. आपल्याच पत्रातलं एक वाक्य उतरवलं, मध्येच तोडलं, तीन टिंबं दिली आणि नेहमीच्या पुडक्यात घालून कोशाला पाठवून दिली. कधी तरी 'चूज'ची पाळी येईल. चिठ्ठी तपासणाऱ्या टेबलाशी जाईल. त्या टेबलाशी कोण बसतं ते केझियाला ठाऊक होतं, आणि नियमही ठाऊक होता. मूळ पाहिलं पाहिजे.

चौदा वर्षं ती चिठ्ठी त्या खणात वाट बघत बसली होती. केझिया तशीच होती. पाव फुगेपर्यंत चुलीपुढून न हलणारी.

शनिवारी चिठ्ठी पुडक्यात नव्हती. मग दुपारी मॉर्वेना छत्री उघडायला गेली तर छत्रीच्या घडीतून तपकिरी कागद पडला. पिमने तो वाकून उचलला.

"हे तुमचं का?"

"हो," ती म्हणाली. "माझंच आहे."

रविवारी सकाळी घरमालकीण मिसेस गॅड टोपी घालून दारात आली. "चर्चला येताय ना? घंटा सुरू झाली."

"आज नाही. पत्र वाचायचंय."

"पत्र वाचायला प्रार्थना बुडवायची? लंडनहून आलंय की काय?"

"घरून आलंय."

मिसेस गॅडला ठाऊक होतं की हिच्या घरी आता कुणी नाही. ती टोपी सारखी करत पायऱ्या उतरून गेली. मॉर्वेना त्या पायऱ्या ऐकत राहिली.

पाकीट फोडलं तेव्हा आतून वाळूचे चार कण मांडीवर पडले. सात पानं होती. पहिल्याच पानावर ते वाक्य होतं, आणि तिने सवयीने चिठ्ठी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडलं. बरोबर होतं. मग टिंबांची जागा आली, आणि तिने पुढे वाचलं.

'तू मला निवड म्हणालीस, आणि तुझ्या पेटीला दोरी बांधून झाली होती, ती मी जिन्यावरूनच पाहिली. म्हणजे मला अकरा पायऱ्या उतरायचा वेळ होता, आणि तेवढ्यात मी निवडलं.'

खाली होतं: 'तू विचारतेस म्हणून सांगते. वरच्या पायरीवर मला जायचं होतं. इतकं, की हातातलं भांडं हिंदकळलं. तीनचार पायऱ्या नुसता तुझा राग. मधे कुठे तरी मनात आलं की बाबांना कुशीवर वळवायला माझे दंड पुरतात, तुझे पुरत नाहीत, आणि तू रडशील आणि ते पडतील. शेवटच्या दोन पायऱ्यांवर तू दिसलीस, ती बादलीवर बसून लिहिणारी. खाली आले तोवर ठरलं होतं. म्हणून लोकांना खुशाल सांग की केझीने निवडलं. खोटं नाही ते. फक्त स्वतःला सांगशील तेव्हा पायऱ्याही सांगत जा.'

मग बाबांच्या औषधाबद्दल दोन पानं. आणि मग: 'आता एक मागते. इस्टरला ये आणि एक आठवडा बाबांपाशी बस. मी तिकडे जाऊन येईन. मला ती कपाटं बघायची आहेत, आपल्या चिठ्ठ्या कुठे जाऊन बसतात ते. तुमच्या टेबलाशी बसणार नाही, दारातून बघेन. एकच आठवडा. जमत नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही.' शेवटी मिसेस पेनरोझची कोंबडी होती. ती विहिरीत पडली होती आणि जिवंत निघाली होती.

'पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं.'

मॉर्वेनाने पत्राच्या घड्या होत्या तशा घातल्या. सोळा वर्षं तिला ज्याची भीती होती तो आरोप त्यात नव्हता. असता तर तिच्याकडे उत्तरं तयार होती, सोळा वर्षांची. एका आठवड्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. बाहेर घंटा थांबली होती आणि खोलीत केशराचा वास इतका दाट झाला की तिने उठून खिडकी उघडली. वास गेला. मग तिने खिडकी लावून घेतली, पण तो परत आला नाही.

सोमवारी तिने पत्र डॉक्टरांच्या पुढे ठेवलं, पहिलं पान वर करून, बाकीची मागे दुमडून. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"फार चांगलं आहे," ते हळू म्हणाले. "पण लांब आहे. माझ्याकडे दोनच ओळी उरल्यात. दोरीपर्यंतचा अर्धा घ्या, नाही तर पायऱ्यांचा. कुठला ते तुम्ही ठरवा, मूळ तुम्ही पाहिलंय."

"दोरीचा घ्या," पिम खोक्यातून पाय न काढता म्हणाला. "दोरी म्हटली की चित्र उभं राहतं. पायऱ्यांत काय आहे?"

मॉर्वेनाला दोरीचाच घ्यायचा होता. आतून ओढ लागली होती त्याची. इंग्रजी भाषा असेपर्यंत तो छापील राहिला असता, आणि ती रोज कपाटातून ग्रंथ काढून स्वतःला तो वाचून दाखवू शकली असती. एखाद्या दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं तसं. पण त्या अर्ध्यात केझिया कुठे होती? त्यात एक पेटी होती, एक दोरी होती, आणि जिच्यापुढे काही उरलं नव्हतं अशी एक बाई. पुन्हा एकदा पत्र केझियाचं आणि उत्तर मॉर्वेनाचं झालं असतं.

"पायऱ्यांचा," ती म्हणाली.

"ठीक. 'मला अकरा पायऱ्या उतरायचा वेळ होता, आणि तेवढ्यात मी निवडलं.'" डॉक्टरांनी लिहून घेतलं. "आणि पत्र कोणाचं म्हणायचं?"

"मिस ट्रेगीअरचं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं?"

"नाही. मिस ट्रेगीअरचं. मी मिस मॉर्वेना."

पिमने पेंढ्यात पाय हलवले. मॉर्वेनाने दौतीत टाक बुडवला आणि तपकिरी कागदाच्या तळाशी लिहिलं, 'मूळ पाहिले'. आद्याक्षरं घातली. मग तारीख घातली, जी घालायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या छापखान्यात गेल्या. त्यानंतर रोज सकाळी पहिलं पुडकं सोडताना तिचा हात क्षणभर थांबे. चिठ्ठ्या सगळ्या पांढऱ्या असत. मार्चमध्ये तिने 'पत्ता लागत नाही' चा खण तळापर्यंत उपसला, झाडणाऱ्या बाईला बोलावून कपाट पुढे ओढायला लावलं, छत्री तर कित्येकदा उघडून झटकली.

"काही हरवलंय का, मिस मॉर्वेना?" पिमने विचारलं.

"इस्टर केव्हा आहे यंदा?" ती म्हणाली.

त्याने सांगितलं. त्या आठवड्यात तिने सोळा वर्षांत पहिल्यांदा रजा घेतली. पण ती कुठे गेली नाही. रोज अकरा वाजता ती कोठीच्या दारात येई, पाय आत न टाकता, आणि कपाटांकडे बघत उभी राही. टेबलाजवळची तिची खुर्ची तिने पिमला सांगून रिकामी ठेवली होती.